मोटारगाडीच्या रंगलेपावरील चक्री ओरखडे

मोटारगाडीच्या रंगलेपावरील चक्री ओरखडे : मोटारगाडी धुताना व पुसताना होणाऱ्या घर्षणामुळे तिच्या रंगलेपावर उमटणाऱ्या आणि उन्हात किंवा दिव्याच्या प्रकाशात वर्तुळाकार जाळ्यासारख्या दिसणाऱ्या अतिसूक्ष्म ओरखड्यांना चक्री ओरखडे म्हणतात. झिलईच्या व्यवसायात त्यांना ‘स्वर्ल मार्क’ हे नाव रूढ आहे. हे ओरखडे सर्वच रंगांच्या गाड्यांवर असतात. परंतु काळ्या रंगाच्या आणि मऊ रंगलेप असलेल्या गाडीवर ते सर्वांत ठळक दिसतात. स्पोर्ट्‌स कार या वर्गातील गाड्यांचे पृष्ठभाग वक्र व सलग असल्याने त्यांच्यावर हा दोष विशेष नजरेत भरतो. तो घालविण्यासाठी ओरखडे बुजवावे लागतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ओरखडा बुजविला जात नाही, तर त्याच्या सभोवतालचा लेप ओरखड्याच्या तळापर्यंत घासून काढला जातो. म्हणजे ही दुरुस्ती मर्यादित साठ्यातून केलेला खर्च असते, आणि तो खर्च किती करावा हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

रंगलेपाची रचना : मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात रंगलेप ब्रशाने लावीत व तो वाळण्यास बरेच दिवस लागत. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे. १९२३ मध्ये अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीने ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोजयुक्त लॅकर प्रचारात आणले. ते फवाऱ्याने लावता येई व काही तासांत वाळे. तथापि त्याला आपोआप चकाकी येत नसे. कारखान्यातच ते घासून चकचकीत करावे लागे. पुढे अल्किड व ॲक्रिलिक एनॅमले आली. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून रंगद्रव्ययुक्त लेपावर रंगहीन लेप देण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि आता बहुतेक सर्व गाड्यांना तीच वापरतात.

या पद्धतीत धातूच्या पत्र्यावर प्रथम विद्युत् विलेपनाने गंजरोधक थर देतात. त्यावर अस्तराचा लेप, त्यावर रंगद्रव्ययुक्त लेप आणि सर्वांत वर क्लिअर कोट या नावाने ओळखला जाणारा पारदर्शी लेप असतो. कारखान्यात दिलेल्या या सर्व थरांची एकूण जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिमी.चा एक हजारावा भाग) असते. तीपैकी पारदर्शी लेपाचा वाटा सु. ३५ ते ५० मायक्रोमीटर असतो. मानवी केसाचा व्यास सामान्यतः याहून अधिक भरतो. काळा रंग या पारदर्शी लेपाखाली असतो व चक्री ओरखडे पारदर्शी लेपात असतात. झिलई करताना पॅडला काळा रंग लागल्यास गाडीवर जुन्या पद्धतीचा एकेरी लेप आहे किंवा पारदर्शी लेप संपून खालचा रंग उघडा पडला आहे, असे समजावे.

पारदर्शी लेप केवळ चकाकीसाठी नसतो. सूर्यप्रकाशातील जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण शोषून घेणारी व रेझिनाचे अपघटन रोखणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. हा लेप पातळ झाल्यास खालील रंगाचे संरक्षण कमी होते. कालांतराने लेप पांढुरका पडतो व त्याचे पापुद्रे सुटू लागतात. या अवस्थेत झिलईचा उपयोग होत नाही. तो भाग नव्याने रंगवावाच लागतो.

ओरखडे वर्तुळाकार का दिसतात : चक्री ओरखडे प्रत्यक्षात वर्तुळाकार नसतात. ते आखूड, बहुधा सरळ आणि सर्व दिशांना यदृच्छेने पसरलेले असतात. प्रत्येक ओरखडा बारीक दंडगोलाकार आरशाप्रमाणे वागतो व आपल्या लांबीशी काटकोनात असलेल्या दिशांना प्रकाश फेकतो. त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवतीच्या असंख्य ओरखड्यांपैकी जे त्या प्रतिबिंबाला केंद्र मानून काढलेल्या वर्तुळाच्या स्पर्शरेषेत असतात, तेवढ्यांचाच प्रकाश निरीक्षकाच्या डोळ्यात शिरतो. बाकीचे ओरखडे असूनही दिसत नाहीत. पाहणाऱ्याने जागा बदलली किंवा दिवा हलविला, तर वर्तुळांचा मध्यही सरकतो. स्टीलच्या जुन्या ताटात दिव्याचे प्रतिबिंब पाहिल्यास त्याभोवती अशीच वर्तुळे दिसतात. म्हणून गाडी गोलाकार हात फिरवून पुसल्याने चक्री ओरखडे पडतात व सरळ रेषेत पुसल्यास पडत नाहीत, ही समजूत बरोबर नाही. सरळ पुसल्यानेही ओरखडे पडतातच. मात्र ते एकाच दिशेचे असल्याने विशिष्ट कोनातूनच दिसतात.

फिरत्या यंत्राच्या अकुशल वापराने पडणाऱ्या खुणा याहून वेगळ्या असतात. यंत्र ज्या मार्गाने नेले असेल त्या मार्गाने जाणारे कमानदार पट्टे त्यात दिसतात आणि पाहणारा चालू लागला की, तेही सरकल्यासारखे भासतात. व्यवसायात त्यांना होलोग्राम म्हणतात. ओरखडा धुण्यामुळे पडला की झिलईमुळे, याचा निर्णय या भेदावरून करता येतो.

काळा रंग : पारदर्शी लेपाचा प्रणमनांक सु. १·५ असतो. त्यामुळे लंब दिशेने पडलेल्या प्रकाशापैकी सु. ४ टक्के प्रकाश त्याच्या पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो, मग खालचा रंग कोणताही असो. पांढऱ्या गाडीत उरलेल्या प्रकाशापैकी पुष्कळसा खालच्या रंगद्रव्यावरून सर्व दिशांना परत येतो व त्या उजेडात ओरखड्यांचा क्षीण प्रकाश लोपतो. काळे रंगद्रव्य हा उरलेला प्रकाश जवळजवळ संपूर्णपणे शोषून घेते. पार्श्वभूमी काळोखी राहिल्याने ओरखड्यांवरून आलेला अल्प प्रकाशही चांदण्यांसारखा उठून दिसतो. काळ्या गाडीचे सौंदर्य ज्या आरशासारख्या खोलीत असते, ती याच कारणाने ओरखड्यांमुळे नाहीशी होऊन पृष्ठभाग करडा भासतो. काळा रंग जात्या नाजूक नसतो. त्याच्यावर ओरखडे अधिक पडत नाहीत, तर अधिक दिसतात.

मऊ रंगलेप : रंगलेपाचा मऊपणा ही मात्र लेपाचीच गुणधर्मविषयक बाब आहे. पारदर्शी लेप बहुवारिकाचा (अनेक लहान रेणू जोडून बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थाचा) असतो. त्यातील रेणूंच्या साखळ्यांमध्ये आडवे बंध किती दाट आहेत, त्यावर त्याचे काठिण्य मुख्यतः अवलंबून असते. ठरावीक प्रतींच्या पेन्सिली लेपावर दाबून ओढणे ही काठिण्यमापनाची सोपी पद्धत आहे. जपानी बनावटीच्या कित्येक गाड्यांचा, विशेषतः त्यांच्या काळ्या रंगाच्या गाड्यांचा लेप मऊ असतो, असा कारागिरांचा अनुभव आहे. परंतु केवळ गाडीच्या नावावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. एकाच कंपनीचे निरनिराळे कारखाने वेगवेगळे लेप वापरू शकतात. शिवाय अपघातानंतर पुन्हा रंगविलेला दरवाजा कमी तापमानात सुकविलेल्या वेगळ्या लेपाचा असतो व तो शेजारच्या भागापेक्षा मऊ किंवा कठीण असू शकतो.

मऊपणा हा सर्वस्वी दोष नव्हे. अतिकठीण लेप ठिसूळ होतो व उडालेल्या खड्याच्या आघाताने त्याचे टवके उडण्याचा संभव वाढतो. ओरखडे टाळण्याच्या दोन परस्परविरुद्ध दिशांनी प्रयत्न झाले आहेत. मर्सिडीज-बेंझ कंपनीने २००३ मध्ये अतिसूक्ष्म सिरॅमिक कणांनी बळकट केलेला कठीण पारदर्शी लेप वापरात आणला. याउलट निस्सान कंपनीने २००५ मध्ये जाहीर केलेल्या लेपात स्थितिस्थापक रेझीन असून बारीक ओरखडे उष्णतेने व काही काळाने आपोआप भरून येतात. म्हणजे कठीण लेपावर ओरखडा सहज उमटत नाही, तर स्थितिस्थापक लेपावर उमटलेला बारीक ओरखडा टिकत नाही. सर्वसाधारण मऊ लेपाला यांपैकी एकही गुण नसतो. त्याच्यावर ओरखडा सहज पडतो आणि तसाच राहतो.

तपासणी व जाडीचे मापन : दुरुस्तीपूर्वी गाडी स्वच्छ धुऊन, सावलीत उभी करून, एका तीव्र व लहान दिव्याच्या प्रकाशात तपासतात. नळीच्या आकाराच्या मोठ्या दिव्यांच्या पसरट प्रकाशात ओरखडे लपतात. नखाच्या टोकाला जाणवणारा ओरखडा बहुधा इतका खोल असतो की, तो पूर्णपणे घालविण्याचा प्रयत्न करू नये.

त्यानंतर लेपाची जाडी मोजतात. पोलादी पत्र्यावर चुंबकीय प्रवर्तनाने व ॲल्युमिनियमावर आवर्त प्रवाहांनी मापन करणारी उपकरणे असतात. स्पोर्ट्‌स गाड्यांच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा आहे. होंडा कंपनीच्या १९९० मध्ये बाजारात आलेल्या ‘एनएसएक्स’ या गाडीचा सांगाडा व कवच ॲल्युमिनियमाचे असल्याने तेथे केवळ पोलादासाठी बनविलेले उपकरण निरुपयोगी ठरते. शेव्हरोले ‘कॉर्व्हेट’ या गाडीचे कवच १९५३ पासून काचतंतू व रेझीन यांच्या संमिश्राचे करीत आले आहेत. अशा पृष्ठभागांसाठी, तसेच कार्बन तंतूंच्या भागांसाठी व प्लॅस्टिकच्या बंपरांसाठी श्राव्यातीत तरंगांवर चालणारी उपकरणे लागतात.

साधे उपकरण सर्व थरांची मिळून जाडी दाखविते. त्यातील पारदर्शी लेप किती, हे सांगत नाही. १२० मायक्रोमीटर हे वाचन समाधानकारक वाटले, तरी पारदर्शी लेप त्यापैकी ३० मायक्रोमीटरच असू शकतो. एखाद्या ठिकाणी वाचन एकाएकी वाढल्यास तो भाग पुन्हा रंगविला असल्याचे व शेजारच्यापेक्षा बरेच कमी आल्यास तेथे पूर्वी घासकाम झाल्याचे अनुमान करतात. कडा व घड्या यांच्यावर लेप मुळातच पातळ असतो व तेथेच यंत्राचा दाब एकवटतो. म्हणून त्या भागांवर चिकटपट्टी लावतात.

पूर्वतयारी : धुतल्यानंतरही लेपात ब्रेकमधून उडालेले लोहकण, डांबर व झाडांचा चीक रुतलेला असतो. लोहकणांसाठी थायोग्लायकोलेटयुक्त द्रव फवारतात. लोहाशी विक्रिया होऊन तो जांभळा होतो. उरलेले कण विशेष प्रकारच्या मातीसारख्या लगद्याने, भरपूर वंगण-द्रव वापरून, उचलून घेतात. मऊ लेपावर या लगद्यानेही ओरखडे उमटतात. त्यामुळे हा टप्पा झिलईपूर्वीच उरकावा लागतो व झिलईचा बेत नसल्यास शक्यतो टाळतात.

यंत्रे व द्रव्ये : झिलईसाठी दोन प्रकारची यंत्रे वापरतात. पहिल्यात पॅड एकाच आसाभोवती मिनिटाला सु. ६०० ते २,००० फेरे घेते. हे यंत्र वेगाने लेप काढते. पण एका जागी रेंगाळल्यास उष्णता साचून लेप जळतो व होलोग्रामच्या खुणा पडतात. दुसऱ्या, द्विक्रिय यंत्रात पॅड स्वतःभोवती फिरताना सु. ८ ते २१ मिमी. व्यासाच्या लहान वर्तुळात आंदोलितही होते. त्याची गती एकसारखी नसल्याने नियमित खुणा पडत नाहीत व उष्णताही कमी निर्माण होते. मऊ काळ्या लेपासाठी हेच यंत्र अधिक सुरक्षित असते.

पॅड लोकरीचे, सूक्ष्मतंतूंचे वा फोमचे असते. त्यावर लावायच्या द्रव्यात प्रायः ॲल्युमिनियम ऑक्साइडाचे सूक्ष्म कण, तेलयुक्त वंगण व पाणी असते. काही द्रव्यांतील कण घासताना फुटून लहान होतात, तर काहींतील मुळातच अतिशय बारीक व एकसारखे असतात. भरड द्रव्याला कंपाउंड व बारीक द्रव्याला पॉलिश म्हणण्याची प्रथा आहे. परंतु दोन्हींची क्रिया एकच आहे. मोठ्या ओरखड्यांच्या जागी लहान ओरखडे निर्माण केले जातात व अखेरीस ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा (सु. ०·४ ते ०·७ मायक्रोमीटर) पुरेसे उथळ झाले की, डोळ्यांना पृष्ठभाग गुळगुळीत भासतो.

मऊ लेपावरील प्रक्रिया : मऊ लेपाची अडचण अशी की, जुने ओरखडे त्याच्यावरून झटकन जातात, पण नवे पडू न देणे फार कठीण असते. कठीण लेपावर निरुपद्रवी ठरणारे लोकरीचे वा सूक्ष्मतंतूंचे पॅड येथे धुरकट थर मागे ठेवते. पॅडमध्ये साचलेला घासलेल्या लेपाचा चुरा, तापून चिकट झालेले द्रव्य, एवढेच नव्हे तर ते पुसून काढणारे फडकेही खुणा उमटविते. अननुभवी कारागीर ही धूसरता पाहून अधिक भरड द्रव्य व अधिक दाब वापरतो. त्यामुळे दोष वाढतो आणि लेप मात्र व्यर्थ खर्ची पडतो.

म्हणून प्रथम बॉनेटसारख्या सपाट भागावर सु. ४५ सेंमी. बाजूचा चौरस चाचणीसाठी घेतात. आरंभ सर्वांत सौम्य जोडीने, म्हणजे मऊ फोम पॅड व बारीक पॉलिश यांनी करतात. यंत्र पृष्ठभागाशी समतल धरून, आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकला जाईल अशा रीतीने, सावकाश चार ते सहा वेळा फिरवितात. अपेक्षित परिणाम न दिसल्यासच मध्यम पॅड व त्यानंतर अधिक तीव्र द्रव्य घेतात. मऊ लेपावर बहुधा पहिल्या वा दुसऱ्या पायरीतच काम भागते. शेवटच्या हाताला अतिमऊ पॅड, कमी गती व यंत्राच्या स्वतःच्या वजनाइतकाच दाब वापरतात. प्रत्येक चौरसानंतर पॅड स्वच्छ करतात आणि पृष्ठभाग हाताला कोमटपेक्षा अधिक लागू लागल्यास काम थांबवितात. द्रव्य सुकू लागल्यास चिकटून बसते. म्हणून उन्हात हे काम करीत नाहीत.

झालेले काम खरे की भासमान, हे लगेच कळत नाही. पॉलिशमधील तेले ओरखड्यांत भरून त्यांना तात्पुरते झाकतात व दोन-चार वेळा गाडी धुतल्यावर ते पुन्हा प्रकट होतात. यासाठी पाण्याने विरल केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने पृष्ठभाग हलक्या हाताने पुसून, मगच दिव्याखाली तपासतात. ही पुसणीही मऊ लेपावर रेषा उमटवू शकते. ती चाचणीच्या चौरसापुरती ठेवणे इष्ट.

खर्चाचा हिशोब : बारीक पॉलिशच्या एका हाताने सामान्यतः १ मायक्रोमीटर वा त्याहूनही कमी लेप निघतो, कंपाउंड व पॉलिश अशा दुपदरी दुरुस्तीत तो सु. ३ मायक्रोमीटर किंवा अधिक असू शकतो. गाडीच्या सबंध आयुष्यात पारदर्शी लेपातून एकूण सु. ८ ते १२ मायक्रोमीटरांहून अधिक काढू नये, असा व्यवसायातील साधारण संकेत आहे. त्यानुसार पाहता दरवर्षी पूर्ण दुरुस्ती करणारा मालक तीन-चार वर्षांतच हा साठा संपवितो. पूर्वीच्या मालकांनी तो किती वापरला, हे जुन्या गाडीबाबत निश्चित सांगता येत नाही. यास्तव नव्वद टक्के ओरखडे काढून उरलेले खोल ओरखडे कडा बोथट करून तसेच ठेवणे हे शंभर टक्क्यांच्या हट्टापेक्षा शहाणपणाचे मानले जाते. दुर्मिळ गाडीत कारखान्यातील मूळ रंगलेपाला स्वतंत्र मूल्य असते व एकदा गेलेला मूळ लेप परत आणता येत नाही.

संरक्षण व प्रतिबंध : झिलईनंतर मेण, संश्लेषित बहुवारिक किंवा सिलिकायुक्त सिरॅमिक विलेपन देतात. ब्राझीलमधील कार्नोबा ताडाचे मेण सु. ८२° ते ८६° से. तापमानाला वितळते व काळ्या रंगाला उबदार झळाळी देते. पण ते काही आठवडे ते काही महिनेच टिकते. सिरॅमिक विलेपन अधिक टिकाऊ असून त्यावर घाण कमी चिकटते. तथापि ते जेमतेम एखाद-दोन मायक्रोमीटर जाडीचे असल्याने खालच्या मऊ लेपाला ओरखड्यांपासून अभेद्य करते, हा समज चुकीचा आहे. झीज खऱ्या अर्थाने स्वतःवर घेणारे साधन म्हणजे सु. १५० ते २०० मायक्रोमीटर जाडीची पॉलियुरेथेनाची पारदर्शी फिल्म होय. ती खर्चिक असते, पण बदलता येते.

ओरखड्यांचे मूळ कारण धूळ हे आहे. धुळीतील क्वॉर्ट्‌झाचे काठिण्य मोज मापप्रमाणात ७ असते व कोणताही पारदर्शी लेप त्यापुढे मऊच ठरतो. भारतीय शहरांत उभी गाडी रोज सकाळी कोरड्या फडक्याने झटकण्याची किंवा एकाच बादलीत तेच फडके पिळून ओळीने अनेक गाड्या पुसण्याची पद्धत सर्रास आढळते. तीत एका गाडीवरील कण दुसरीवर घासले जातात. काळ्या, मऊ लेपाच्या गाडीला ही दैनंदिन पुसणी न पुसण्याहून अधिक घातक असते. फिरत्या ब्रशांच्या स्वयंचलित धुलाईकेंद्रांचा परिणामही असाच होतो.

यावर उपाय साधे आहेत. स्पर्श करण्यापूर्वी पाण्याच्या फवाऱ्याने व साबणाच्या फेसाने सुटी धूळ वाहवून टाकावी. साबणासाठी एक व हातमोजा खळबळण्यासाठी दुसरी, अशा दोन बादल्या वापराव्यात. वरच्या भागापासून आरंभ करून चाकांलगतचा मळका भाग अखेरीस धुवावा. सूक्ष्मतंतूंचे स्वच्छ फडके न घासता नुसते टेकवून किंवा हवेच्या झोताने गाडी सुकवावी. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. नियमितपणे अशा रीतीने राखलेल्या गाडीला यंत्राच्या झिलईची गरज कित्येक वर्षांतून एखाद्या वेळीच भासते व तीही बारीक पॉलिशच्या एका हातापुरती. चक्री ओरखड्यांची दुरुस्ती हे यंत्राचे व द्रव्याचे काम असले, तरी तिचा टिकाऊपणा शेवटी गाडी धुणाऱ्या हातावर अवलंबून असतो.